खान्देशातून एका दिवसाची मुंबई आणि लिओपोल्डचं टेबल

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार इकडून मुंबई पाहायला जाणाऱ्यांच्या यादीत गेटवे, ताज आणि म्युझियमच्या जोडीनं हल्ली कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेचं, म्हणजे बिअर-दारूही मिळणाऱ्या एका जुन्या इराणी हॉटेलचं, नाव हमखास असतं. जागा खरोखरच पाहण्यासारखी आहे. पण आपल्याकडची परमिट रूम डोक्यात ठेवून तिथे गेलं तर बरंच चुकतं. वेळ चुकते, ऑर्डर चुकते, बिलाचा अंदाज चुकतो आणि शेवटी गाडी चुकते. म्हणून हे सगळं गाडीत बसल्यापासून परत घरी पोचेपर्यंतच्या क्रमानं दिलं आहे.

आधी गाडीचा हिशेब

लिओपोल्डला किती वाजता बसायचं हे परतीच्या गाडीवर ठरतं, म्हणून सुरुवात तिथून करा. जळगाव ते सीएसएमटी सुमारे 420 किलोमीटर आहे आणि चांगली गाडी साडेसहा-सात तास घेते. भुसावळ-जळगावकरांसाठी सोयीच्या गाड्या अमरावती एक्स्प्रेस आणि विदर्भ एक्स्प्रेस. दोन्ही रात्री इकडून निघतात आणि सकाळी सीएसएमटीला सोडतात. परतीला त्याच गाड्या संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान मुंबई सोडतात. म्हणजे एक पूर्ण दिवस हातात मिळतो आणि लॉजचा खर्च वाचतो. वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे तिकीट काढताना नेमकी वेळ बघून घ्या.

धुळेकरांची गोष्ट वेगळी आहे. धुळे–सीएसएमटी गाडी सकाळी निघून दुपारी पोचते आणि परतीची दुपारीच सुटते. एका दिवसात जाऊन-येऊन तिचा उपयोग नाही. तिने गेलात तर एक रात्र मुंबईत मुक्काम धरा, नाहीतर चाळीसगावला येऊन रात्रीची गाडी पकडा.

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर पट्ट्यातल्यांनी एक गोष्ट गाठीला बांधायची. दादरहून सुरत-नंदुरबारमार्गे येणारी गाडी गुजरातमधून येते, आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. बॅगेत बाटली सापडली तरी गुन्हा, पिऊन सापडलात तरी गुन्हा. मुंबईत घेतलं तेव्हा कायदेशीर होतं, हे उत्तर तिथे चालत नाही. त्या मार्गानं परतायचं असेल तर लिओपोल्डला फक्त जेवायला आणि जागा बघायला जा, किंवा मध्य रेल्वेनं जळगावला येऊन पुढची गाडी धरा. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की मध्य रेल्वेच्या गाड्या तासन्‌तास अडकतात. जुलै-ऑगस्टात दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवूच नका.

वय, परमिट आणि ड्राय डे

आपल्याकडे बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ का लिहितात, याचं उत्तर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. तेव्हा आजच्या महाराष्ट्राचा आणि गुजरातचा बराच भाग एकाच मुंबई राज्यात होता. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली आणि कायदा दोघांकडेही राहिला. गुजरातनं बंदी पाळली, महाराष्ट्रात परवान्याची वाट मोकळी झाली. कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याजवळ परमिट असावं लागतं. विदेशी मद्याचं एका दिवसाचं परमिट 5 रुपयांचं, वर्षाचं 100 रुपयांचं आणि आजन्म 1000 रुपयांचं आहे. बारमध्ये बसल्यावर वेटर ते मागत बसत नाही, पण तपासणी झालीच तर परमिट नसणं तुमच्या अंगावर येतं. वरचेवर प्रवास करणाऱ्यानं आजन्म परमिट काढून ठेवणं शहाणपणाचं.

वयाची अट दोन पातळ्यांवर आहे: बिअर आणि वाइनला 21 पूर्ण, व्हिस्की-रम-व्होडका अशा कडक मद्याला 25 पूर्ण. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मंडळी इथेच अडकतात. चौघांतला एक जण 23 वर्षांचा असला तर त्याला बिअर मिळेल, पेग मिळणार नाही. आधार कार्ड जवळ ठेवा.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी या दिवशी दारू मिळत नाही. मतदान संपण्याआधीचे 48 तासही बंद असतात, आणि महापालिका-विधानसभेच्या मोसमात हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. जोडून सुट्टी आली म्हणून 15 ऑगस्टला गेलेल्यांना लिओपोल्ड उघडं दिसतं, जेवण मिळतं, पण ग्लासात लिंबू-सोडाच येतो.

सीएसएमटीला उतरल्यावर

पहिलं काम सामानाचं. पाठीवर मोठी बॅग घेऊन म्युझियम, गेटवे आणि कॅफे या तिन्ही ठिकाणी त्रास होतो. तपासणीत वेळ जातो आणि आत टेबलाखाली बॅग मावत नाही. स्टेशनवरच्या अमानती सामान घरात बॅग ठेवा. तिथे बॅगेला कुलूप असावं लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. चेनवाल्या बॅगेला छोटं कुलूप घरूनच लावून निघा, स्टेशनाबाहेर तेच दुप्पट किमतीला घ्यावं लागतं. तोंड धुणं, आंघोळ, कपडे बदलणं प्रतीक्षालयात उरकून घ्या.

स्टेशन सोडण्याआधी त्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मोठ्या हॉलमध्ये पाच मिनिटं थांबा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री याच हॉलमध्ये गाडीची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. आपली विदर्भ, आपली अमरावती जिथून सुटते तीच ही जागा. वरच्या केबिनमधून उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माईकवरून लोकांना बाहेर पडण्याच्या सूचना देत राहून कितीतरी जीव वाचवले. लिओपोल्डच्या भिंतीवर गोळ्यांच्या ज्या खुणा बघायला जाणार आहात त्या याच रात्रीच्या आहेत. दोन्ही जागा एका दिवसात पाहायच्या तर इथून सुरुवात करणंच योग्य.

इमारत बाहेरून बघायला समोरचा रस्ता ओलांडावा लागतो. 1888 मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. सकाळच्या उन्हात तिचा दगड फार सुंदर दिसतो.

चालत कुलाब्यापर्यंत

स्टेशन ते लिओपोल्ड अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी साडेसात-आठला निघालात तर चालतच जा, टॅक्सीतून हा रस्ता वाया जातो. दादाभाई नौरोजी रोडनं सरळ गेलं की हुतात्मा चौक येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक आणि जुनं फ्लोरा फाउंटन शेजारी-शेजारी आहेत. पुढे उजवीकडे 1878 मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर दिसतो. मग काळा घोडा, मग म्युझियम, मग चौकातलं रिगल सिनेमाचं 1933 चं थिएटर. रिगलच्या चौकातून डावीकडे गेटवे आणि सरळ कुलाबा कॉजवे. कॉजवेचं सरकारी नाव शहीद भगतसिंग मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला ‘कॉजवे’ म्हटलेलं लगेच कळतं.

आधी गेटवे उरका, कारण दहानंतर तिथली गर्दी आणि ऊन दोन्ही वाढतात. राजा पंचम जॉर्ज 1911 मध्ये आला त्याची आठवण म्हणून ही कमान ठरली आणि 1924 मध्ये बांधून पूर्ण झाली. 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीवर चढली. समोर 1903 चं ताज. घारापुरीची बोट इथूनच सुटते, पण जाऊन-येऊन आणि लेणी बघून चार-पाच तास जातात. एका दिवसात घारापुरी आणि लिओपोल्ड दोन्ही नीट होत नाहीत. दोन्हीचा हट्ट असेल तर बोट आधी, बिअर नंतर. पिऊन बोटीत बसणं धोक्याचं आहे, आणि चढ-उताराच्या ओल्या पायऱ्या सगळ्यात वाईट. सोमवारी घारापुरी बंद असतं.

म्युझियम सव्वादहाला उघडतं, तिथे दोन तास सहज जातात. साडेबाराला पाय दुखायला लागतात आणि भूक लागते. लिओपोल्डला जायची हीच वेळ.

साडेबारा का, रात्री का नाही

लिओपोल्ड रात्री जास्त रंगतं हे खरं, पण परतीची गाडी सातला असलेल्या माणसाला रात्र मिळतच नाही. संध्याकाळी पाचला बसून साडेसहाला उठू असं ठरवणाऱ्यांची गाडी हमखास चुकते: त्या वेळी ऑफिसं सुटतात, कुलाबा ते सीएसएमटी रस्ता तुंबतो आणि टॅक्सी मिळत नाही.

साडेबाराचे फायदे तीन. एकच्या जेवणाच्या गर्दीआधी टेबल मिळतं. खिडकीतून उजेड येत असतो, त्यामुळे भिंती, फोटो, जुनं फर्निचर नीट दिसतं. आणि घेतलेली दारू गाडीत चढेपर्यंत उतरलेली असते. साडेअकराच्या आत जाऊन बिअर मागू नका. कॅफे सकाळपासून उघडा असतो, चहा-नाश्ता मिळतो, पण मद्य त्यानंतरच.

आत गेल्यावर दिसेल त्या रिकाम्या खुर्चीत बसू नका. दाराशी थांबा, किती जण आहात ते सांगा आणि दाखवतील तिथे बसा. दोघांना चौघांचं टेबल मिळालं आणि गर्दी वाढली तर समोर अनोळखी माणसं येऊन बसू शकतात. इराण्यांच्या हॉटेलातली ती जुनी रीत आहे, राग मानायचा नाही. खालचा मजला मोकळा, पंख्यांचा, गजबजलेला. वरचा मजला एसी आणि मोठ्या आवाजातल्या संगीताचा. बघायला आलेल्यांनी खालीच बसावं, कारण लिओपोल्ड म्हणून जे काही आहे ते खाली आहे.

बायकामुलींना नेता येईल का, हा आपल्याकडून नेहमी येणारा प्रश्न. नेता येतं, आणि न्यावं. आपल्याकडे बारला मागच्या बाजूला पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असते आणि पुढच्या हॉलमध्ये बाई दिसली तर लोक वळून बघतात. इथे तसा वेगळा भाग नाही. बायका, पुरुष, परदेशी प्रवासी, म्हातारी पारशी मंडळी सगळी एकाच हॉलमध्ये जेवत असतात. ज्याला प्यायचं नाही त्यानं न पिता जेवावं, कोणी विचारत नाही. फक्त आपल्यासोबत आलेल्यांनी शेजारच्या टेबलाकडे टक लावून बघायचं नाही आणि परदेशी माणसांसोबत न विचारता फोटो काढायचे नाहीत. या दोन गोष्टींनीच सगळ्यात जास्त खटके उडतात.

या जागेची ओळख

1871 मध्ये इराणहून आलेल्या झरथुष्ट्री कुटुंबांनी हे सुरू केलं आणि बेल्जियमच्या राजा लिओपोल्डचं नाव दिलं. सुरुवातीला इथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार होता. पुढे कधी दुकान, कधी औषधं, कधी उपाहारगृह असं बदलत ते आजच्या रूपाला आलं. दीडशे वर्षांहून जास्त वय असलेली जागा अजून त्याच रस्त्यावर चालू आहे आणि समोरच कुलाबा पोलीस स्टेशन आहे.

26 नोव्हेंबर 2008 ला रात्री साडेनऊच्या सुमारास दोन हल्लेखोरांनी इथे ग्रेनेड टाकला, जेवणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि मागच्या गल्लीतून ते ताजकडे गेले. गिऱ्हाईकं गेली, कामगारही गेले. त्या तीन दिवसांत शहरात 166 माणसं मेली. कॅफे काही दिवसांतच पुन्हा उघडला आणि गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत. त्या भिंतीवर आणि काचेवर आजही आहेत, काही तसबिरींच्या आड आहेत.

खुणा दिसल्या नाहीत तर वेटरला हळू आवाजात विचारा, तो दाखवतो. त्या वेळी त्याच्या हातात तीन टेबलांच्या ताटल्या नाहीत ना, एवढं बघा. त्या भिंतीखाली कोणी जेवत असेल तर त्यांच्या डोक्यावरून वाकू नका, ते उठेपर्यंत थांबा. फोटो काढायचा तर विचारून, फक्त भिंतीचा. भोकात बोट घालून किंवा ग्लास उंचावून सेल्फी काढलेले लोक दिसतात. तिथे काम करणाऱ्यांनी आपले सोबती गमावले आहेत, म्हणून हे करू नका. मुलं बरोबर असतील तर टेबलावर बसण्याआधीच त्यांना समजावून सांगा.

काय मागवायचं, किती मागवायचं

खान्देशात बिअर म्हणजे स्ट्राँगची 650 मिलीची बाटली असं समीकरण आहे. दुपारी, मुंबईच्या दमट हवेत, तीन तास चालल्यावर ती मागवू नका. कारण साध्या गणितात आहे. स्ट्राँग बिअरमध्ये साधारण 8 टक्के अल्कोहोल असतं, 650 मिलीला 52 मिली झालं. व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये 42.8 टक्क्यांनी सुमारे 13 मिली असतं. एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार छोटे पेग. बिअर आहे म्हणून ती हलकी समजणाऱ्याचा अंदाज इथेच चुकतो.

शरीर तासाला साधारण 8 ते 10 मिली अल्कोहोल संपवतं. माणसागणिक फरक पडतो, पण ढोबळ हिशेबाला हे पुरतं. एकला घेतलेली स्ट्राँगची बाटली उतरायला संध्याकाळचे सहा-सात वाजतात. त्याउलट 330 मिलीचा माइल्ड पिंट, 5 टक्क्यांचा धरला तर 16.5 मिली, तीन वाजेपर्यंत संपतो. आमच्या मते दुपारच्या बैठकीला माणशी एक माइल्ड पिंट, फार तर दोन, एवढंच बरोबर आहे. लिंबू-पाणी, थंड कॉफी किंवा कडू कॉफीनं नशा लवकर उतरत नाही. उतरवतो तो फक्त वेळ.

शेजारच्या टेबलावर उंच उभी काचेची नळी दिसेल, तळाशी तोटी असलेली. तो बिअर टॉवर. फोटोत छान दिसतो म्हणून चौघं मिळून मागवतात. साधारण तीन लिटरचा धरला तर माणशी 750 मिली होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एका मोठ्या बाटलीपेक्षा जास्त. शिवाय अर्ध्यावर आला की खालची बिअर गरम होते, फेस मरतो आणि पैसे दिलेत म्हणून ती संपवावी लागते. सहा-सात जण असाल आणि सगळे पिणारे असतील तरच टॉवर घ्या. तीन-चार जणांना पिचर, म्हणजे बिअरचा जग, पुरतो, तो बहुतेक ठिकाणी दीड लिटरच्या आसपास असतो. मागवण्याआधी लिटर विचारा, कारण पिचरचं माप जागोजागी बदलतं.

बिअर स्वतः ओतत असाल तर ग्लास तिरका धरून कडेनं सोडा आणि शेवटी सरळ करा. सरळ ग्लासात मधोमध ओतली की अर्धा ग्लास फेसानं भरतो. पेग घेत असाल तर 30 की 60 हे स्पष्ट सांगा, ‘लार्ज’ म्हणजे 60.

रिकाम्या पोटी काहीही सुरू करू नका. आपल्याकडे बारमध्ये चकणा आपोआप टेबलावर येतो: शेंगदाणे, फुटाणे, काकडी. इथे तसं धरून चालू नका, जे खायचं ते मेन्यूतून मागवा. मेन्यू जाडजूड आहे, चायनीज, तंदूर, पाश्चात्त्य सगळं आहे. शाकाहाऱ्यांनी पनीर चिली, व्हेज फ्राइड राइस, फ्रेंच फ्राइज, सँडविच यांत समाधान मानावं. काळ्या मसाल्याची शेवभाजी खाणाऱ्या जिभेला इथलं तिखट सौम्य वाटेल. ‘थोडं तिखट करा’ असं ऑर्डर देतानाच सांगा, ताट आल्यावर सांगून उपयोग नसतो. मांसाहाऱ्यांनी कोणतं मांस आहे हे विचारून घ्यावं, कार्डवर नाव इंग्रजीत असतं आणि म्हशीचं मांसही असू शकतं. डब्यातली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी टेबलावर काढू नका. ती गाडीसाठी ठेवा, तिथे ती सोन्याच्या मोलाची ठरते.

बोलताना मराठीत बोला. वेटरला ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ म्हटलेलं चालतं, चुटकी वाजवलेली किंवा ‘ए’ म्हटलेलं चालत नाही. एकदाच पूर्ण ऑर्डर द्या. गर्दीत थोडं-थोडं मागवलं की प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं जातात.

बिल कसं वाचायचं

खाणं आणि मद्य यांवर वेगवेगळे कर लागतात. खाण्यावर जीएसटी 5 टक्के. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. बारमधल्या मद्यावरचा हा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्के झाला. समजा 1200 रुपयांचं खाणं आणि 1500 रुपयांची बिअर झाली, तर खाण्याचे 1260 आणि बिअरचे 1650, एकूण 2910. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला आहे की वेगळा, ते कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेवढी ओळ आधी वाचली की शेवटी वाद होत नाही.

बाटलीवरची छापील किंमत आणि बिल यात मोठा फरक दिसतो. दुकानात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण बसून खाण्या-पिण्याच्या जागेत तुम्ही टेबल, सेवा आणि जागेचेही पैसे देता. बाटलीबंद पाण्याबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये हे मान्यच केलं आहे. त्यावरून भांडू नका. साधं पाणी हवं असेल तर ‘साधं पाणी’ असं म्हणा, नुसतं ‘पाणी’ म्हटलं की बाटली येते.

बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी वेगळी ओळ कुठेही असली तर ती देणं सक्तीचं नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसं स्पष्ट केलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 2025 मध्ये ते कायम ठेवलं. शांतपणे ‘ही रक्कम काढा’ म्हणा. सेवा आवडली असेल तर टीप वेटरच्या हातात द्या, ती त्याच्यापर्यंत पोचते. बाटल्यांची संख्या बिलाशी ताडून बघा. गर्दीच्या वेळी शेजारच्या टेबलाची एखादी नोंद चुकून इकडे येते, दाखवली की लगेच दुरुस्त होते. थोडी रोख जवळ ठेवा, जुन्या इमारतींत कधी नेटवर्क दगा देतं.

टेबल मिळालंच नाही तर रिगलच्या शेजारी, काही मिनिटांच्या अंतरावर, 1932 चं कॅफे मोंडेगार आहे. भिंतीभर मारिओ मिरांडा यांची व्यंगचित्रं आहेत आणि ती बघण्यासाठी वेगळी फेरी मारली तरी हरकत नाही. जागा लहान आहे, पाच-सहा जणांच्या घोळक्याला एकत्र बसायला मिळणं कठीण. दोन-तीन जणांना मात्र लिओपोल्डपेक्षा हेच जास्त आवडेल. फुटपाथवर कोणी हात धरून ‘इधर आओ साब, सस्ता बार’ म्हणत गल्लीत नेऊ लागला तर जाऊ नका. मेन्यूवर किंमत नसलेल्या जागी बसलं की बिल काय येईल ते त्यांच्या मर्जीवर असतं.

सव्वादोन ते गाडी

सव्वादोन-अडीचला उठा. उठण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, कॉजवेवर पुढे सोय शोधत फिरावं लागतं. मग दोन तास कॉजवेवरची खरेदी करा. फुटपाथवरचे विक्रेते सांगतील त्याच्या निम्म्यापासून बोलणी सुरू होते. मोबाइल आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा, प्यायलेल्या माणसाचा मागचा खिसा चोराला लांबूनही कळतो. उघड्यावर, गेटवेच्या कठड्यावर किंवा समुद्राकाठी बाटली उघडणं गुन्हा आहे आणि या भागात पोलीस कायम असतात.

पाचला कुलाबा सोडा. बॅग सोडवून घ्यायला रांग असते, तिला अर्धा तास धरा. गाडीत दारू पिणं आणि पिऊन धिंगाणा घालणं रेल्वे कायद्याच्या कलम 145 खाली येतं. दंड होतो, डब्यातून उतरवलं जातं, तुरुंगवासही होऊ शकतो. इगतपुरीला रात्री उतरवलेल्या माणसाला पुढची गाडी आणि जागा दोन्ही मिळवताना नाकी नऊ येतात.

या गाड्या जळगाव-भुसावळला मध्यरात्र उलटल्यावर पोचतात. दिवसभराचं चालणं आणि दुपारची बिअर, यामुळे गाढ झोप लागते आणि जाग येते ती थेट अकोल्याला किंवा बडनेऱ्याला. 139 वर फोन करून आपल्या स्टेशनचा अलर्ट लावता येतो, तो लावा. मोबाइलचा गजरही लावा आणि चौघांपैकी न पिणाऱ्या एकाला खालचा बर्थ देऊन जबाबदारी त्याच्यावर टाका.

आणि स्टेशनच्या स्टँडवर ठेवलेली मोटारसायकल. रक्तात 100 मिलीला 30 मिलीग्रॅम एवढी मर्यादा आहे. तिच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुपारी एकच्या माइल्ड पिंटचं रात्री दोनला काही उरत नाही. दुपारी दोन स्ट्राँग बाटल्या झाल्या असतील तर 104 मिलीचा हिशेब होतो, म्हणजे दहा ते तेरा तास, आणि रात्री दोनलाही तुम्ही काठावर असता. तसं झालं असेल तर गाडी स्टँडवरच राहू द्या, रिक्षानं घरी जा आणि सकाळी येऊन ती घेऊन जा.